उच्चार न बदललेली दिल्ली

2025 साली एका बड्या कॉल सेंटर कंपनीने जाहीर केलं, की भारतातला कर्मचारी फोनवर बोलत असतानाच त्याचा उच्चार मवाळ करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आम्ही वापरतो आहोत. ग्राहकाला म्हणे ऐकायला सोपं जातं. बातमी वाचून डोकंच फिरलं. वीसेक वर्षांपूर्वी गुडगावात हेच काम आमच्या जिभांवर माणसं करत होती. त्यासाठी ट्रेनर नेमलेले असत आणि शिफ्टपुरतं एक परकं नावही मिळे. मी ‘सॅम’. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात गणपतीपुढे घसा फोडून आरती म्हणणारा मुलगा रात्री लॉगिन केलं की सॅम.

त्याच दिवसांत, 2002 साली, दिल्लीच्या गौरव रैना आणि तपन राज या दोघांचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव मिडिव्हल पंडित्झ, अल्बमचंही तेच. काढला होता सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स डिग्रीज रेकॉर्ड्सने. एका सहकाऱ्याने सीडी कॉपी करून दिली. पहाटे कंपनीच्या क्वालिस गाडीत, मागच्या सीटवर, डिस्कमनचे इयरफोन कानात खुपसून, मी ती ऐकत घरी यायचो. ज्या अमेरिकेशी आम्ही ‘आर’ वळवून वळवून बोलत होतो, त्याच अमेरिकेत हे दोघं तबला, बासरी आणि आपल्याकडचे गळे घेऊन गेले होते, आणि कुणाचाही उच्चार त्यांनी सुधारलेला नव्हता. हे पाहून मला जितका आनंद झाला, तितकीच चीड आली. चीड अर्थातच स्वतःच्या पगाराची.

आधीच्या वर्षांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. इंडिपॉप येऊन गेलं होतं. लंडनहून टॅल्विन सिंगचा ‘अनोखा’ हा अल्बम 1997 मध्ये आला, 1999 मध्ये त्याला ‘ओके’ या अल्बमसाठी मर्क्युरी पुरस्कार मिळाला, त्यावर इंग्रजीत रकानेच्या रकाने छापून झाले आहेत. ते संगीत घर सोडून गेलेल्यांच्या मुलांचं होतं, त्यात एक हुरहूर होती. पंडित्झ कुठे गेलेच नव्हते. ‘सायबर मेहफिल’ नावाच्या पार्ट्या त्यांनी इथेच, दिल्लीतच भरवल्या. त्यामुळे त्यांच्या आवाजात हुरहूर नाही, रात्री हाताशी असलेल्या शहराची मस्ती आहे. मीरा नायरच्या ‘मॉन्सून वेडिंग’मध्ये (2001, व्हेनिसचा गोल्डन लायन) त्यांचं ‘फॅब्रिक’ वाजलं, ते या अल्बमातही आहे. दिल्लीतल्या पंजाबी लग्नाच्या सिनेमात दिल्लीतच बनलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत, हे तेव्हा किती नवं होतं ते आता पटवून देणं कठीण.

शहराचा आवाजही 2002 मध्येच पालटत होता. डिझेलच्या खडखडत्या बसेस जाऊन सीएनजीच्या येत होत्या. डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी मेट्रो धावली. उन्हाळ्यात वीज जायची आणि गल्लीभर जनरेटर घुमायचे, तोही एक बेसच.

‘फ्यूजन म्हणजे दोन्हीकडची वाट लावणं’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. त्यातले निम्मे कमानी सभागृहात विलंबित ख्यालाला डुलक्या काढताना मी पाहिले आहेत. ‘फॅब्रिक’मध्ये मशीनचा ठोका गाणाऱ्या गळ्यावर कुरघोडी करत नाही, त्याला पाय ठेवायला जमीन देतो. एवढं ऐकायलाही कान लागतो. आणि आमच्या मराठी मंडळींचं काय सांगू? न्यूयॉर्कात वाढलेल्या कर्श काळेचा ‘रिअलाइज’ हा अल्बम 2001 मध्ये याच सिक्स डिग्रीजने काढला होता, पुढे तो पंडित्झचा जवळचा साथीदार झाला. पहाडगंजात कौतुकाने सांगितलं, तर एक काका म्हणाले, ‘काळे? कुठले?’

मग या संगीताला ‘लाउंज’ म्हणायला लागले आणि घात झाला. हॉटेलांच्या लिफ्टमध्ये, स्पामध्ये, बुद्धाच्या मुंडक्याशेजारी ते हळू आवाजात वाजू लागलं. मोठ्याने, रात्री, गर्दीत ऐकायची गोष्ट सुगंधी मेणबत्तीच्या कामाला लावली. 2005, 2009 आणि 2015 साली त्यांचे आणखी अल्बम आले. ‘कार्तिक कॉलिंग कार्तिक’चं (2010) पार्श्वसंगीत त्यांनी आणि काळेने मिळून केलं. चांगलं होतं सगळं. पण तोवर मी दिवसाची नोकरी धरली होती आणि तरुण पोरं इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जत्रांत एलईडीच्या भिंतीसमोर हात वर करून, ठोका कधी कोसळतो याची वाट बघत उभी राहायला लागली होती. या जत्रांची तिकिटं आता अशी, की क्वालिसमधल्या आम्हा सगळ्यांचे खिसे रिकामे केले तरी एक निघालं नसतं.

मध्यंतरी गुरुग्राममध्ये (हो, आता गुरुग्राम) एका पंजाबी लग्नाला गेलो होतो. डीजेकडे जाऊन पहिल्या अल्बममधलं ‘भांगडा फीव्हर’ मागितलं. तो म्हणाला, ‘अंकल, पिक्चर कौनसी है?’ ‘मॉन्सून वेडिंग’ सांगावंसं वाटलं, पण त्यात हे गाणं नाही, ‘फॅब्रिक’ आहे. हा फरक समजावून सांगेपर्यंत त्याने पुढचं लावलंसुद्धा होतं.