देवनारची माहितीपटशाळा

सिनेमा शिकायचा म्हटलं की मराठी घरात पहिलं नाव निघतं ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या त्या संस्थेचा मान मोठा आहे आणि तो रास्तही आहे. पण खऱ्या माणसांची खरी गोष्ट पडद्यावर कशी सांगायची, हे मन लावून शिकवणारी आणखी एक जागा मुंबईत देवनारला आहे. तिथे ना स्टुडिओचा इतिहास, ना ताऱ्यांची छायाचित्रं. ती आहे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातली ‘टिस’. तिथल्या माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास विभागाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

टिस सुरू झाली १९३६ साली, नागपाड्याला, समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठी. १९५४ मध्ये ती देवनारला आली. वस्त्यांत जाणं, माणसांशी बोलणं, त्यांचं म्हणणं नीट टिपून घेणं हे तिथलं जुनं शिक्षण. कॅमेरा तिथे बराच उशिरा पोचला, आणि तोही दृक्‌श्राव्य विभागाचं एक साधन म्हणून. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर या दोन प्राध्यापकांनी त्या छोट्या विभागाला वेगळं वळण दिलं. दोघं मिळून शिकवत आणि मिळूनच माहितीपट करत. २००७ मध्ये इथे माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचा दोन वर्षांचा एम.ए. सुरू झाला. त्यात विद्यार्थी प्रबंध लिहितो आणि गटात मिळून माहितीपटही करतो. लेखन आणि चित्रीकरण यांना सारखं वजन देणारा असा अभ्यासक्रम आपल्याकडे दुर्मीळ आहे.

या शिक्षणाचं मोल कळायला आधी काय होतं ते आठवायला हवं. फिल्म्स डिव्हिजन मुंबईतच १९४८ साली उभी राहिली. चित्रपटगृहांना मुख्य सिनेमाआधी तिच्या फिती दाखवाव्याच लागत. धरण, लसीकरण, कुटुंबनियोजन, आणि पाठीमागून एक भारदस्त आवाज, ज्याला सगळं ठाऊक असायचं. पडद्यावरचा शेतकरी क्वचितच बोलायचा, त्याच्याबद्दल बोललं जायचं. त्याच संस्थेत साठच्या दशकात सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांनी ही चौकट वाकवून पाहिली. शास्त्रींच्या ‘आय ॲम २०’ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली विशीतली मुलं थेट कॅमेऱ्याकडे बघून मनातलं बोलतात, आणि ते आजही ताजं वाटतं. पण एकंदर सवय पडली ती निवेदकाच्या आवाजाची. १९८५ साली आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ आला. त्यात झोपड्या पाडल्या जात असताना एक बाई चिडून चित्रीकरण करणाऱ्यांनाच जाब विचारते: आमचे फोटो काढून तुम्ही आमचं काय भलं करणार? पटवर्धनांनी हा प्रसंग कापला नाही. माहितीपट शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हा प्रसंग दाखवावा असं मला वाटतं.

कारण देवनारच्या कामाचा गाभा त्या बाईच्याच प्रश्नात आहे. दुसऱ्याची गोष्ट सांगायचा अधिकार आपल्याला कुठून आला? चित्रपटशाळेत हा प्रश्न बहुधा तंत्र हाती आल्यावर पडतो. समाजशास्त्राच्या संस्थेत तो आधी पडतो, आणि माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे. मोन्तेरो-जयशंकर यांचे माहितीपट पाहिले की हे दिसतं. ‘कहणकार : अहंकार’ हा वारल्यांवरचा माहितीपट. वारल्यांच्या गोष्टी आणि चित्रं एकीकडे, बाहेरच्यांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं दुसरीकडे, आणि दोन्हींमधलं अंतर प्रेक्षकानं स्वतः मोजायचं. ‘वायसीपी १९९७’ मध्ये येरवडा कारागृहातले कवी आणि कलावंत भेटतात. हातून काय गुन्हा घडला याच्या तपशिलापेक्षा माणूस तुरुंगात शब्द का जुळवतो, याकडे तिथे लक्ष दिलेलं आहे.

मराठी प्रेक्षकाने आवर्जून बघावा असा यातला माहितीपट म्हणजे २००१ चा ‘साचा’. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन हे दोघं त्याच्या केंद्रस्थानी आहेत. सुर्वे गिरणगावात वाढलेले, गिरणी कामगाराच्या घरात. पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ, कामगारांची मुंबई कॅनव्हासवर आणणारे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जे जग विरत गेलं, त्याच्याकडे एक जण आतून बघतो, दुसरा जवळ उभा राहून. आकडेवारीने भरलेला संपाचा इतिहास करणं सोपं होतं. इथे दोन कलावंतांच्या नजरेतून शहर दिसतं, आणि गिरण्यांचं ओस पडणं त्यामुळेच जास्त लागतं.

‘नाता’ (२००३) धारावीतला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांमधून सलोख्याचं काम करणारे भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र त्यात आहेत. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की चित्रकर्ते स्वतःला बाहेर ठेवत नाहीत. भाऊ आणि वकार यांचं काम चित्रकर्त्यांच्या स्वतःच्या ओळखीवर, समजुतींवर जे अवघड प्रश्न उभे करतं, तेही ते पडद्यावर आणतात.

अर्थात तंत्र लागतंच. आवाज हा सगळ्यांत दुर्लक्षित विषय. मुलाखत संपली तरी त्या खोलीतली नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते, नाहीतर संकलनात दोन वाक्यांमधला सांधा उघडा पडतो. प्रश्न विचारून गप्प बसणं हे तर सर्वांत अवघड काम. समोरच्याचं पहिलं उत्तर बहुतेकदा तयार असतं, खरं उत्तर त्यानंतरच्या शांततेत येतं, आणि नवखा विद्यार्थी नेमका तेव्हाच पुढचा प्रश्न विचारतो. कथेची रचना कागदावर आधी होत असली, तरी ती घडते संकलनाच्या टेबलावर, तासन्‌तासांच्या फितीतून वीस-पंचवीस मिनिटं उरवताना. कापलेल्या भागात कुणाचं तरी आयुष्य असतं.

देवनारच्या या पद्धतीची एक उणीवही आहे. सिद्धान्त पक्का झाल्यावर विद्यार्थ्यांच्या काही कामांत मुद्दा पुढे धावतो आणि दृश्य मागे राहतं. मुलाखतीमागून मुलाखती येतात, डोळ्याला काम उरत नाही. पण जिथे जमतं तिथे फार चांगलं जमतं. १९९२ च्या आठवणींवरच्या मालिकेत विद्यार्थ्यांनी ‘फारूक व्हर्सेस द स्टेट’ केला. वडाळ्याच्या हरी मशिदीत जानेवारी १९९३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात जखमी झालेले आणि पुढे वर्षानुवर्षे न्यायासाठी लढलेले फारूक मापकर त्याचे नायक. विशीतल्या मुलांना ही दंगल आठवणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती ऐकून घेतली.

एवढं करून हे माहितीपट दाखवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. चित्रकर्त्यांच्या विरोधामुळे ती मागे घेतली गेली, पण अनेक राजकीय माहितीपट निवडीतच वगळले गेले. तेव्हा चित्रकर्त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ भरवून ते लोकांना दाखवले. देवनारच्या विद्यार्थ्यांवरही ही वेळ आली. जात आणि ताटातलं अन्न, विशेषतः गोमांस, यांचा संबंध मांडणारा त्यांचा ‘कास्ट ऑन द मेन्यू कार्ड’ २०१५ मध्ये दिल्लीच्या ‘जीविका’ महोत्सवात दाखवला जाणार होता. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याला सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट नाकारली. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला होता. वर्गासाठी केलेल्या एका छोट्या माहितीपटाची बातमी मग देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

मोन्तेरो आणि जयशंकर आता निवृत्त झाले आहेत. स्वतंत्र भारतीय माहितीपटावरचं त्यांचं ‘अ फ्लाय इन द करी’ हे पुस्तक २०१६ मध्ये आलं. ते मराठीत यायला हवं, आणि ‘साचा’ आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, सुर्व्यांची कविता शिकवताना, दाखवला जायला हवा.