काचेच्या टाकीतला जिवंत गालिचा : शौक, धंदा आणि इमानदारी

कपड्याच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. भिवंडीचा ग्रे माल उचलायचा, रंगाईला द्यायचा आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानदारांना पुरवायचा, हे आमचे रोजचे काम. रंग पक्का की कच्चा, हे ओला रुमाल घासून आम्ही उभ्याउभ्या सांगतो. तरीही एका गालिच्याच्या खरेदीत आम्ही साफ फसलो. तो गालिचा लोकरीचा नव्हता. खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचा, जिवंत होता. आमचा तजुर्बा वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

हा गालिचा म्हणजे काय?

समुद्रात ॲनिमोन नावाचा प्राणी असतो. मराठीत त्याला समुद्रफूल म्हणतात, पण ते फूल नव्हे. त्याला मधोमध तोंड असते आणि भोवती असंख्य स्पर्शिका असतात. प्रत्येक स्पर्शिकेत डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी भरलेल्या असतात. त्यातल्या एका गटाच्या स्पर्शिका अगदी आखूड आणि दाट असतात. वरून पाहिले तर मखमलीचा किंवा गालिच्याचा तुकडा पसरल्यासारखा दिसतो. म्हणून बाजारात त्याला 'कार्पेट' म्हणतात. त्यात हॅडोनी, जायगँटिया आणि मर्टेन्सी या तीन जाती प्रसिद्ध आहेत. हॅडोनी वाळूत पाय रोवून बसतो आणि दीड-दोन फुटांपर्यंत पसरतो. कच्छच्या आखातात आणि तामिळनाडूकडे मन्नारच्या आखातात तो आढळतो.

या गालिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा क्लाउन मासा बिनधास्त लोळतो. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून पोरेबाळे या माशाला निमो म्हणू लागली. आज घोडबंदर रोडपासून खडकपाडा आणि पलावापर्यंत नव्या सोसायट्यांच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसतात. गिऱ्हाईक दुकानात येते ते निमो मागतच.

आम्ही कसे फसलो?

२०१९ च्या हिवाळ्यात मुलांच्या हट्टापायी आम्हीही टाकी घेतली. टाकी दीडशे लिटरची होती आणि पाणी भरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुकानदाराने सांगितले, "कार्पेटशिवाय निमो जगत नाही, दोन्ही बरोबरच घ्या." आम्ही क्लाउनची जोडी घेतली, दोन छोटे गोबी मासे घेतले आणि भडक पिवळ्या रंगाचा एक गालिचा घेतला. पिशवीतले पाणी किंचित पिवळे होते. औषध असेल असे आम्हाला वाटले.

आठवड्याभरात दोन्ही गोबी गायब झाले. गालिचा रोज थोडा फिका पडत गेला. बाराव्या रात्री तो मेला आणि सडू लागला. पहाटे फजरला उठलो तर टाकीतले पाणी दुधासारखे झाले होते आणि क्लाउनची जोडी वर तरंगत होती.

पुढे जाणकारांना विचारले तेव्हा उलगडा झाला. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. हाताळणीत, वाहतुकीत, अंधारात हे शेवाळ निघून गेले की प्राणी पांढराफटक पडतो. असा उपाशी, आजारी माल खपवण्यासाठी त्याला रंग चढवून विकण्याचा प्रकार या धंद्यात जगभर चालतो. म्हणजे आमच्या हाती कच्च्या रंगाचा माल पडला होता, आणि रंगाचाच धंदा करणाऱ्या आम्हाला तो ओळखता आला नाही.

दुसरी गोष्टही खोटी निघाली. समुद्रात क्लाउनला ॲनिमोनचा आसरा लागतो, कारण तेथे त्याला खाणारे मोठे मासे असतात. घरच्या टाकीत तो ॲनिमोनशिवाय वर्षानुवर्षे मजेत जगतो.

कोणाची कोणाशी जोडी?

क्लाउनच्या सुमारे ३० जाती आहेत आणि त्यांना आसरा देणारे ॲनिमोन फक्त १० प्रकारचे. पण प्रत्येकाची जोडी प्रत्येकाशी जमत नाही. हॅडोनीत निसर्गतः सेबे, क्लार्की अशा जाती राहतात. निमो म्हणून विकला जाणारा ओसेलारिस समुद्रात जायगँटिया, मर्टेन्सी आणि मॅग्निफिका यांच्यात राहतो. टाकीत तो हॅडोनीला कधी स्वीकारतो, कधी महिनोन्महिने जवळही जात नाही.

क्लाउनखेरीज तीन ठिपक्यांच्या काळ्या डोमिनो माशाची पिल्ले आणि काही छोट्या कोळंब्या गालिच्यात सुखरूप राहतात. गोबी, कार्डिनल, मँडरिन असे तळाशी वावरणारे किंवा मंद मासे मात्र रात्री चुकून टेकले की अडकतात. हॅडोनीची चिकट पकड जबरदस्त असते आणि मासे हे त्याचे अन्नच आहे. आमच्या दोन गोबींचे असेच झाले. गालिचा ठेवायचा असेल तर इतर छोटे मासे ठेवू नयेत.

टाकीचा हिशेब

गालिच्यासाठी निदान ३०० लिटरची टाकी हवी. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच टाकीत साधारण एवढे पाणी मावते. पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन ४०० किलोच्या वर जाते. जुन्या चाळीच्या माळ्यावर किंवा गॅलरीत अशी टाकी ठेवणे धोक्याचे आहे.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ३०० लिटरला साडेदहा किलो मीठ लागले. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर आणखी एक किलो लागते, म्हणजे वर्षाला पन्नास किलोंच्या वर. हे मीठ मत्स्यालयासाठी खास बनवलेलेच हवे. मिठागराचे खडे मीठ चालत नाही, कारण मीठ पिकताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार वेगळे होतात. खाडीचे पाणी तर मुळीच वापरू नये. ठाण्याच्या आणि उल्हासच्या खाडीत सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात ते पाणी जवळजवळ गोडे होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी घ्यावे. टाकीतले पाणी उडाले तर भर गोड्या पाण्याची घालावी, कारण मीठ उडत नाही.

घाई हा सर्वात मोठा तोटा आहे. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. गालिचा त्यानंतरही लगेच आणू नये. टाकी सहा महिने ते वर्षभर स्थिर चालल्यावरच आणावा.

तापमान २५ ते २७ अंश ठेवावे. मे महिन्यात कल्याणच्या घरात पाणी सहज ३० च्या वर जाते. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो. तेव्हा चिलर किंवा एसी लागतो. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. गालिचा जागेवरून सरकतो आणि पंपात ओढला गेला तर चिंधड्या होतात, म्हणून पंपाला जाळी बसवावी. तळाला चार-पाच इंच वाळू द्यावी आणि वरून प्रखर दिवा. खुराक म्हणून आठवड्यातून एक-दोनदा ताज्या, मीठ न लावलेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. हात घालताना हातमोजे घालावेत, कारण डंखाने कातडीला आग होते आणि चट्टे उठतात.

माल पारखावा कसा?

बोट लावल्यासारखे करून पाहावे, चांगला गालिचा घट्ट चिकटतो. तोंड मिटलेले असावे. तळ फाटलेला नसावा. पांढराफटक किंवा एकसारखा भडक पिवळा माल घेऊ नये. पिशवीतल्या पाण्याला रंग दिसला तर तिथूनच परत फिरावे. माल दुकानात किमान आठवडाभर टिकलेला असावा. बिल मागून घ्यावे. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, म्हणून खऱ्या प्रवाळाचा तुकडासुद्धा सजावटीसाठी घेऊ किंवा विकू नये.

धंदा कोठे आहे?

आमच्या बिरादरीतील पुष्कळ मुले कुर्ल्याच्या घाऊक मासळी बाजारातून शोभेचे मासे आणून विकतात. काचकाम, सुतारकाम, वायरिंग ही कामे आपल्या कारागिरांच्या हातची आहेत. टाकी बांधणे, स्टँड करणे, दर आठवड्याला पाणी बदलून देणे यात बांधील गिऱ्हाईक मिळते.

क्लाउनची पैदासही होते. हे मासे प्रथम नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा मादी बनतो. मादी कौलावर किंवा मातीच्या कुंडीवर अंडी घालते. ती आठवड्याभरात रात्री फुटतात आणि पिल्लांना सुरुवातीला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला द्यावे लागतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे. आपल्या शेजारी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम हाती घेण्यात आले. ज्या तरुणांना शिकायचे आहे त्यांनी तेथे चौकशी करावी.

गालिच्याची गोष्ट वेगळी आहे. बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक गालिचा समुद्रातून उपटून आणलेला असतो. हे प्राणी किती जगतात याचा एक दाखला आहे. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलिएल यांनी किनाऱ्यावरून एक साधा ॲनिमोन बरणीत आणला. तो डॅलिएल यांच्या मागेही जगला आणि १८८७ मध्ये मेला. आमच्या टाकीतला बारा दिवसांत गेला.

म्हणून विकणाऱ्या भावांना आमची विनंती आहे. टाकी किती लिटरची, किती महिन्यांची, आत कोणते मासे, हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाला आधी विचारा. उत्तर बरोबर नसेल तर गालिचा देऊ नका, पैदाशीच्या क्लाउनची जोडी आणि एक मातीची कुंडी द्या. नफा थोडा कमी होईल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येईल. आमच्याकडे आता अशीच जोडी आहे. गालिच्याच्या जागी कुंडी आहे आणि दोघे तिच्यातच झोपतात.