पोळा ते होळी : नागपूर आणि झाडीपट्टीचे सांस्कृतिक वर्ष

नागपूरच्या सांस्कृतिक जीवनाविषयी लिहिताना सभागृहांपासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, २०१७ साली रेशीमबागेत खुले झालेले कविवर्य सुरेश भट सभागृह, राज्य नाट्य स्पर्धेचे नागपूर केंद्र, रामटेकशी नाते सांगणारा कालिदास महोत्सव, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे उपक्रम ही नावे अशा लेखनात हमखास येतात. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुळे नागपूरच्या कामगार वस्त्यांत आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या खेड्यांत आहेत. तेथील माणसाचे सांस्कृतिक वर्ष सभागृहाच्या आरक्षणावर चालत नाही. ते पोळ्याला सुरू होते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येते, दिवाळीनंतर धानाच्या कापणीबरोबर खेड्यांत उतरते आणि होळीच्या सुमारास ओसरते. त्याचा बहुतेक खर्चही कष्टकरी माणूस स्वतःच्या खिशातून करतो. हे वर्ष कसे चालते, ते येथे सांगावयाचे आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पूर्व नागपुरातील जुन्या वस्त्यांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. रोगराई व अरिष्टे मारबतीबरोबर गावाबाहेर जातात, ही तिच्यामागची समजूत. ती समजूत आम्हांस मान्य असण्याचे कारण नाही. पण मारबतींसोबत निघणाऱ्या बडग्यांकडे मात्र लक्ष द्यावे. त्या त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, एखादा बदनाम निर्णय, कोणा पुढाऱ्याचे वर्तन यांवर हे पुतळे उघड टीका करतात. वर्तमानपत्राचा अग्रलेख जे जपून बोलतो, ते बडग्या चौकात उभा राहून बोलतो आणि संध्याकाळपर्यंत जळून जातो.

त्यानंतरचा मोठा टप्पा दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. येथे सांगावयाचे आहे ते त्या दिवसांत परिसरात भरणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांविषयी. महाराष्ट्रातील अनेक छोटे प्रकाशक आपले नवे पुस्तक याच दिवसांच्या बेताने छापतात. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड, भारताचे संविधान, फुले वाङ्मय, धम्मपदाची भाषांतरे, आत्मकथने, कवितासंग्रह आणि अगदी थोडक्या किमतीच्या पातळ पुस्तिका शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. जवळच मूर्ती, दिनदर्शिका, पंचशील ध्वज यांची दुकाने असतात.

या खरेदीचे वैशिष्ट्य असे की, ग्राहक पुष्कळदा स्वतः वाचणारा नसतो. पहिल्या पिढीतील कित्येक स्त्रीपुरुषांनी अक्षरओळख नसताना पुस्तके विकत घेतली ती घरातल्या मुलांसाठी. भाकरीच्या गाठोड्याशेजारी ती बांधून नेली आणि घरी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथाला हात लावण्याची मनाई होती, त्याने आपला सर्वांत मोठा मेळा ग्रंथखरेदीचा करावा, ही घटना मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात ठळकपणे नोंदली जावयास हवी. साहित्य संमेलनातील पुस्तकविक्रीचे आकडे दर वर्षी छापून येतात. दीक्षाभूमीवरील विक्री त्या मानाने चर्चेत येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

पुस्तकांच्या जोडीला गाणे असतेच. पूर्वी ध्वनिफितींची दुकाने असत, मग चकत्या आल्या, आता गाणी भ्रमणध्वनीवर ऐकली जातात. मात्र विदर्भातील भीमगीतांची जी खास बैठक, ती कव्वालीच्या मुकाबल्याची. दर्ग्यांतून वाढलेला हा गानप्रकार. पेटी, ढोलक आणि टाळ्यांचा ठेका तोच. त्यात आशय मात्र बुद्धचरित्राचा, चवदार तळ्याचा, संविधानाचा. एकाच मंचावर दोन पक्ष समोरासमोर बसतात. एका पक्षाने गाण्यातून प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तेथल्या तेथे रचून उत्तर द्यावे, असे रात्र सरेपर्यंत चालते. श्रोते उठून बक्षिसाची नोट देतात आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, गावातील विहाराचे उद्घाटन अशा प्रसंगी हे कार्यक्रम ठेवले जातात. त्यांतून मिळणारे इतिहासाचे ज्ञान क्वचित ढोबळ असते. पण ते ज्ञान शाळेच्या पुस्तकात नव्हते त्या काळी या गायकांनी ते खेडोपाडी पोचविले.

दसऱ्याहून परतलेली माणसे दिवाळीच्या आसपास कापणीला लागतात आणि सांस्कृतिक वर्षाचे केंद्र नागपूर सोडून वैनगंगेच्या खोऱ्यात सरकते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्वेकडील भाग मिळून जो जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा प्रदेश होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा प्रामुख्याने एकदाच येतो, धान निघाल्यावर. म्हणून करमणूक, पाहुणचार, लग्नाच्या गाठी हे सारे त्या पुढच्या तीनचार महिन्यांत बसवावे लागते. भाऊबीजेनंतर मंडई सुरू होते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा, त्यामुळे दुकानदार आणि कलावंत एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतात. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे येतात, ऊस आणि शिंगाडे विकावयास येतात. दिवसा दंडार किंवा खडीगंमत होते. खडीगंमत म्हणजे उभ्याने चालणारी गंमत. शाहीर, त्याचे साथीदार, डफ, ढोलकी, टाळ आणि स्त्रीवेषातील नाच्या एवढ्या सामग्रीवर ती उभी असते.

रात्र मात्र नाटकाची. झाडीपट्टी रंगभूमीचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग गावच्या नाट्यमंडळाचा. गावातील तरुण स्वतः भूमिका करतात, महिनाभर तालमी घेतात आणि स्त्री कलावंत, वादक व नेपथ्य तेवढे बाहेरून आणतात. दुसरा मार्ग व्यावसायिक मंडळींचा. त्यांचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा. दीर्घकाळ जिल्ह्यातले एकमेव रेल्वेस्थानक येथेच असल्याने व्यापाराप्रमाणे नाटकही येथे एकवटले. हंगामात वडशाच्या रस्त्यांवर नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांचे फलक ओळीने दिसतात. गावचे प्रतिनिधी तेथे जातात, नाटक ठरवितात, तारीख पक्की करून विसार देतात. पुढची जबाबदारी गावाची. मंडप, कनाती, तिकिटे, भोंगा लावलेल्या गाडीतून पंचक्रोशीत पुकारा, हे सर्व गाव करते. पैसे उरले तर ते गावाच्या एखाद्या कामाला लावले जातात. तिकिटे खपली नाहीत तर तूट मंडळाच्या सभासदांच्या अंगावर पडते. थंडीत पाऊस आला तर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

नाटक रात्री उशिरा उघडते आणि पहाटेपर्यंत चालते. समोर खुर्च्यांची रांग, मागे जमिनीवर चादरी-घोंगड्या अंथरून बसलेली कुटुंबे. वरून लोंबणारे ध्वनिग्राहक असतात आणि नट त्यांच्याखाली येऊन वाक्य टाकतो. या एका सोयीने येथील अभिनयाला वळण दिले आहे. हालचाल मोजकी, आवाज भरदार, वाक्य पल्लेदार. रंगमंचाच्या पायथ्याशी वादक बसलेले असतात. गंभीर कथानकात मधूनमधून विनोदी प्रवेश, गाणी आणि लावणी येणार, हे गृहीतच असते. शहरी समीक्षकाला हे सारे भडक वाटते. पण दिवसभर राबून आलेल्या आणि रात्रभर जागणार असलेल्या शेकडो माणसांना उघड्यावर बांधून ठेवावयाचे आहे, ही अट ध्यानात घेतली म्हणजे त्या शैलीमागचे शहाणपण दिसू लागते. विषयही केवळ रडवे कौटुंबिक नसतात. हुंडा, दारू, जमिनीचे वाद यांबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरही येथे नाटके झाली आणि ती ज्यांच्यावर लिहिली त्यांनीच तिकीट काढून पाहिली.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही शिक्षक या नात्याने वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. या प्रदेशाची स्वतःची झाडीबोली आहे. तिच्यात ‘ण’ नाही, पाण्याला ‘पानी’ म्हणतात. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यावर दीर्घकाळ काम केले आणि झाडीबोलीची साहित्य संमेलनेही भरू लागली. तरीही झाडीपट्टीच्याच नाटकात नायक, नायिका, पाटील, वकील बहुधा प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेक्षक स्वतःच्या घरची भाषा ऐकून हसतो. हे हसणे आपुलकीचे असते, हे खरे. पण दुःख, निर्धार, प्रेम व्यक्त करावयाचे तर आपली भाषा चालत नाही, ही शिकवणूकही त्याच हसण्यातून मुलाच्या मनात उतरते. निवासी शाळेत पहिल्या वर्षी गप्प बसणारी मुले आम्ही पाहतो. त्यांच्या मौनाचे एक कारण येथे आहे. नायिकेने झाडीबोलीत रडावे आणि प्रेक्षकाने न हसता ऐकावे, असे नाटक वारंवार होऊ लागले तर आमचे वर्गही अधिक बोलके होतील.

अलीकडच्या काळात या रंगभूमीने बरेच धक्के सोसले. झाडीपट्टीत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक अशी जोडी ठरलेली. शर्यतीला जमलेला माणूस मुक्कामी राही आणि नाटकाला बसे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा पटाच्या गावांतील नाटकांचा हा हुकमी प्रेक्षक दुरावला. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. बैलांना होणाऱ्या यातनांचा प्रश्न खरा होता आणि परवानगीने तो संपलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. दरम्यान कोरोनाच्या साथीने कलावंतांच्या हातचा हंगाम गेला. हंगामावर वर्षाची गुजराण करणाऱ्या माणसाला एक हंगाम बुडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा धक्का आतून आला आहे. काही ठिकाणी नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’ नावाचे कार्यक्रम ठेवले जाऊ लागले. त्यांना तालीम लागत नाही, कथानक लागत नाही, खर्च कमी आणि गर्दी जास्त. काही कार्यक्रमांत अश्लीलतेची हद्द ओलांडली गेल्याने पोलिसांना कारवाई करावी लागली. दोष नाचणाऱ्या मुलींवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. तो आम्हांस मान्य नाही. त्यांना बोलावणारे, तिकीट काढणारे आणि मंचासमोर नोटा उडविणारे गावचेच असतात. नाटकाला सहकुटुंब येणारी स्त्री हंगाम्याला येत नाही, हे त्यातले मोठे नुकसान. ज्या मंडपात अर्धे गाव नसते, त्याला मंडई म्हणता येत नाही.

याउलट समाधानाच्या गोष्टीही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली आणि झाडीपट्टीचे नाव प्रथमच अनेकांच्या कानी गेले. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपुरात ९९वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी प्रेमानंद गज्वी होते. ‘घोटभर पाणी’, ‘किरवंत’ लिहिणाऱ्या या नाटककाराचा जन्म १९४७ साली चंद्रपूर जिल्ह्यातला, म्हणजे याच पट्ट्यातला. जातीच्या प्रश्नाला भिडणारे त्यांचे नाटक पुढे मुंबईत वाढले. परंतु त्या वाटेचे एक टोक झाडीपट्टीत आहे, ही गोष्ट त्या संमेलनाच्या मंडपात बसलेल्या अनेकांना सुखावून गेली असेल.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे पुण्या-मुंबईस वा परदेशी स्थायिक आहेत, ते बहुधा दिवाळीच्या चार दिवसांसाठी येतात आणि मंडईचा हंगाम ऐन भरात येण्याआधी परततात. ज्यांना हे नाटक पाहावयाचे असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत यावे. तोवर भारी धानही घरात आलेले असते आणि प्रयोगांची गर्दी असते. वडशाला उतरून कोणत्याही नाट्यमंडळाच्या कार्यालयात विचारले, तर त्या रात्री कोणत्या गावी कोणते नाटक आहे ते लगेच कळते. कित्येकदा एकाच रात्री जवळपासच्या गावांत निवडीला वाव असतो. तिकीट पैसे मोजूनच काढावे, ओळखीने आत जाऊ नये. सोबत घोंगडी असावी, कारण नदीकाठी पहाटेचा गारवा बोचतो, आणि शेवटचा प्रवेश संपण्याआधी कोणी उठत नाही.