निविदेवरील संकेतांक आणि लघुउद्योजकाची दाद
अमेरिकेत संघीय सरकारची काही कंत्राटे लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेली असतात. लघुउद्योग कोणास म्हणावे, हे निविदेवरील सहा अंकी उद्योग-वर्गीकरण संकेतांकावरून ठरते. कारण प्रत्येक संकेतांकास सामान्यतः वार्षिक उलाढालीची अथवा कामगारसंख्येची मर्यादा जोडलेली असते. कामाचा मुख्य हेतू पाहून कंत्राट अधिकारी संकेतांक निवडतो. निवड चुकल्यास मोठी संस्था राखीव कामात शिरते, किंवा खरा लघुउद्योजक बाहेर राहतो. बाधित उद्योजकास लघुउद्योग प्रशासनाच्या सुनावणी व अपील कार्यालयाकडे दाद मागता येते. मुदत मात्र निविदा निघाल्यापासून १० दिवसांचीच असून, दरम्यानच्या सुट्ट्याही तीत मोजल्या जातात. उशिरा आलेले अपील फेटाळले जाते. म्हणून निविदा हाती येताच दर मांडण्यापूर्वी संकेतांक तपासणे हिताचे ठरते.