ऑलिव्हर ट्विस्ट आणि आपले गाव

माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला कोणती कादंबरी शिकवावी, हा प्रश्न एकट्या शिक्षकांचा नव्हे. मुलांना इंग्रजी यावे म्हणून आपण धडपडतो; त्या इंग्रजीतून त्यांनी काय वाचावे, याचा विचार मात्र क्वचितच करतो. माझी कसोटी अशी : कादंबरी परकी असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या गावाच्या वेशीत येऊन उभा राहिला पाहिजे.

चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' या कसोटीला उतरते. १८३७ ते १८३९ या काळात ती मासिकातून क्रमशः आली. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडात निराधारांची रवानगी श्रमगृहात करण्याचे धोरण आले. ऑलिव्हर तशाच एका श्रमगृहात जन्मतो आणि जन्मतःच आईला मुकतो. बंबल नावाचा अधिकारी बेवारशी मुलांना वर्णमालेच्या क्रमाने आडनावे देतो. आधीच्या मुलाला 'एस' लाभला, म्हणून याला 'टी'. मूल म्हणजे वहीतली एक नोंद! पुढे हेच मूल आणखी थोडी पेज मागते आणि शिक्षा भोगते.

पंढरपुरास हा प्रश्न नवा नाही. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद, आणि लोकलाजेने टाकलेल्या अर्भकांना वाली नाही, अशा त्या काळात, १८७५ साली, येथे न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी बालकाश्रमाचा पाया घातला. प्रार्थनासमाजाने तो चालविला. श्रमगृह आणि बालकाश्रम यांत फरक कोणता, हे मुलांनाच शोधू द्यावे.

भाषेचा लाभही आहेच. श्रमगृहाच्या पंचांची डिकन्स वरवर स्तुती करतो, पण ती असते निंदा. मराठीच्या तासाला शिकलेली व्याजस्तुती येथे इंग्रजीत भेटते. जोडीला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ठेवावी. तेथे यमू आपली कहाणी स्वतः सांगते. ऑलिव्हरची दुसराच कोणी सांगतो. निवेदनातला हा भेद याहून सोपा कसा समजेल?

दोषही झाकू नये. चोरांचा म्होरक्या फॅगिन याला डिकन्स वारंवार केवळ 'ज्यू' म्हणतो. १८६३ साली एका ज्यू बाईंनी पत्र लिहून याबद्दल खेद कळविला. १८६७ च्या आवृत्तीत त्याने असे अनेक उल्लेख गाळले. थोर लेखकालाही वाचक प्रश्न विचारू शकतो, हे मुलांनी जरूर शिकावे.

मात्र सारांश पाठ करून यातले काहीच हाती लागत नाही. निवडक प्रकरणे का होईनात, मूळ पुस्तकातून वर्गात मोठ्याने वाचावीत. परीक्षेपुरते इंग्रजी परीक्षेबरोबर संपते. वाचलेले माणूस मनात राहते.