वाटाड्याने गाठोडे उघडू नये

पेडण्याहून डिचोलीस निघालेला नवखा प्रवासी वाटेत कोणास तरी मार्ग विचारतो. जाणता माणूस सांगतो, "अस्नोड्यावरून जा." तेवढ्याने काम होते. पण तोच जर म्हणाला, "आधी गाठोडे सोडून दाखव, मग वाट सांगतो," तर? आज घरोघरी आलेल्या इंटरनेटच्या बाबतीत असाच प्रश्न उभा राहिला आहे. सभासद बंधुभगिनींसाठी त्याचा येथे थोडा खुलासा करीत आहे.

समजा, आपल्या या महोत्सवाचे चलच्चित्र सर्व सभासदांच्या घरी पोचवावयाचे आहे. एका रीतीत ते एका मध्यवर्ती संगणकात ठेवतात व प्रत्येकजण तेथून उचलतो. दुसऱ्या रीतीत त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि ज्यास जो तुकडा मिळाला तो त्याने इतरांस द्यावयाचा. बिटटोरंट हे या परस्पर देवघेवीचे प्रसिद्ध उदाहरण. रीत स्वतः निर्दोष आहे. दुसऱ्याच्या मालकीचा चित्रपट परवानगीवाचून वाटणे हा मात्र गुन्हाच.

अडचण अशी की, या देवघेवीस जवळचे-दूरचे कळत नाही. डिचोलीचा सभासद पेडण्यात उपलब्ध असलेला तुकडाही परदेशातून मागवतो. त्यामुळे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा खर्च वाढतो. २००७ साली अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनी मधेच बनावट संदेश घालून असे संबंध तोडीत असल्याचे उघडकीस आले. तेथील दळणवळण आयोगाने २००८ मध्ये तिला मनाई केली. पण आयोगास तसा अधिकार नाही, म्हणून २०१० मध्ये न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला.

अडविण्यापेक्षा वाट दाखवावी, हा विचार २००८ मध्येच येल विद्यापीठातील संशोधकांनी मांडला. कंपनीने आपल्या जाळ्याचा ढोबळ नकाशा द्यावा आणि देवघेव करणाऱ्या संगणकाने त्यावरून जवळचा सोबती निवडावा. यासाठी 'आल्टो' नावाचा सर्वमान्य संकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. योजना हिताची आहे. वेळ वाचतो, खर्चही वाचतो.

मग भीती कशाची? विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत संगणक सबंध नकाशा उतरवून घेतो व निवड स्वतः करतो. दुसऱ्या तऱ्हेत तो सोबत्यांची यादीच कंपनीपुढे ठेवून विचारतो, "यांतला जवळचा कोणता?" येथे कोण कोणाशी देवघेव करू पाहतो, हे कंपनीस आयतेच कळते. इतर सोबत्यांनाही आपला पत्ता दिसतो, पण तो केवळ आकड्यांचा. त्या आकड्यांमागचे नाव, घर आणि बिल कंपनीच्या वहीत असते. भेद आहे तो येथे.

दुसरी भीती ताब्याची. नकाशा काढणाराच वाटेचा मालक असला, तर जी वाट त्यास स्वस्त तीच तो 'जवळची' म्हणून दाखवील. म्हणून सल्ला हा सल्लाच असावा. तो न मानणाऱ्याचा वेग मुद्दाम कमी करू नये.

१९६१ पूर्वी गोव्यात वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी पोर्तुगीज सरकारच्या तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. मधला माणूस सर्व पाहू लागला म्हणजे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावे लागत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०१८ मध्ये भारत सरकारने इंटरनेटवरील मजकुरात भेदभाव न करण्याचे तत्त्व स्वीकारले. तत्त्वे चांगली आहेत; ती पाळली जातात की नाही हे पाहणे ग्राहकाच्या हाती आहे. नवे कनेक्शन घेताना प्रत्येक कुटुंबाने कंपनीस दोन प्रश्न अवश्य विचारावेत : आमच्या देवघेवीची कोणती नोंद ठेवता, आणि किती दिवस?

वाटाड्याचे उपकार मानावेत. गाठोड्याची गाठ मात्र आपल्याच हाती ठेवावी.