एका रुळावरची आगगाडी

चंडीमंदिर छावणीत बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं पहिल्या सुटीला कालका गाठतात आणि शिमल्याच्या छोट्या गाडीत बसतात. बसावंच. पण खरी गंमत उलट्या दिशेला, मोरिंडा-सरहिंदकडे होती. पटियाळा संस्थानात तिथं वाफेची गाडी धावायची, तीही एकाच रुळावर!

मग ती कलंडायची कशी नाही? साइडकारच्या स्कूटरसारखा जुगाड. डब्याखालची चाकं रुळावर आणि एका अंगाला बाहेर काढलेलं मोठं चाक थेट रस्त्यावर. शंभरातला पंचाण्णवेक भाग भार रुळावर, उरलेला त्या चाकावर. रस्ता आयताच होता, त्यामुळे दुसऱ्या रुळाचा खर्च वाचला. ही युइंग पद्धत. पटियाळ्यात ती उभी केली कर्नल बोल्स या इंजिनिअरने, महाराजा भूपिंदरसिंगांच्या काळात.

गाडी सुरू झाली 1907 मध्ये. वर्ष लक्षात ठेवा: त्याच मार्चमध्ये माथेरानची गाडी डोंगर चढली आणि मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम आली. पटियाळ्यात मात्र आधी खेचरं जुंपली. लष्करासाठी संस्थानाला खेचरं पाळावीच लागत. शांततेच्या काळात ती बसून खाणार, त्यापेक्षा ओढू देत की! महाराजांचा हिशोब पक्का होता.

वाफेची चार इंजिनं आली बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून. माथेरानची जुनी इंजिनंही याच कंपनीची. पटियाळ्याच्या इंजिनाला रुळावर एकामागे एक अशी तीनच चाकं आणि बाजूला ते तोल सांभाळणारं चाक. समोरून पाहिलं की वाटतं, अर्धं इंजिन कुणीतरी कापून नेलंय.

रस्त्यावरून वाफेची गाडी नेण्याचा नाद युरोपातही होता. हॉलंडमध्ये 1879 साली हेग ते स्खेव्हेनिंगेन वाफेची ट्राम सुरू झाली. तिथली ट्रामची इंजिनं पत्र्याने चौकोनी झाकलेली असत. रस्त्यावरचे घोडे बुजू नयेत म्हणून चाकंसुद्धा पत्र्याआड. पटियाळ्याला ही काळजी कसली? तिथं सुरुवातीला जनावरंच गाडी ओढत होती.

पुढे मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि 1927 मध्ये गाडी बंद पडली. इंजिनं पटियाळ्याच्या बांधकाम खात्याच्या शेडमध्ये गंजत राहिली. 1962 मध्ये माइक सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रजाला ती सापडली, म्हणून वाचली. नाहीतर भंगारवाल्याचं धन झालं असतं. एक इंजिन आणि मुख्य इंजिनिअरचा खास डबा अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त झाले. आज दोन्ही दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहेत.

दिल्लीमार्गे गावी जाताना मधे अर्धा दिवस मोकळा ठेवा. फक्त सोमवार टाळा; संग्रहालय बंद असतं.